माझं मला द्या

विलासभाऊ कोठावदे कुठल्याही ॲपला तीनच्या वर तारे देत नसत. जेवण मागवा, रिक्षा बोलवा, विजेचं बिल भरा, शेवटी मोबाईल विचारतोच ना, "कसा वाटला आमचा अनुभव?" तेव्हा भाऊ चष्मा कपाळावर सरकवायचे, परीक्षेचा पेपर तपासावा तसा चेहरा करायचे आणि तीन तारे देऊन मोकळे व्हायचे. मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो भाऊ, सगळं नीट झालं ना? मग द्या की पाच!" तर म्हणाले, "पोरी, तीन म्हणजे चालतंय. सॉफ्टवेअर चाललं, याच्यापेक्षा जास्त त्याच्याकडून काय पाहिजे? पाच दिले म्हणून ते काय माझ्या आजारपणात डबा घेऊन येणार आहे?" पण डबा घेऊन जिने चढून आलेला माणूस दारात घुटमळला आणि "सर, जरा रेटिंग द्याल का" म्हणाला, की त्याला आधी पाणी, मग नाव-गाव, मग पाचच्या पाच तारे. वर आम्हाला बजावणार, "हे त्या माणसाला दिले बरं का. ॲपचं त्यात काही नाही."

अशा माणसाच्या सॉफ्टवेअर कंपनीत मी कित्येक वर्षं नोकरी केली. हसू नका. कंपनीचं नाव सांगत नाही, ते आता राहिलेलं नाही. नाशकात अशोक स्तंभाजवळच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, आम्ही सात-आठ जण आणि एक पंखा जो फिरताना सुस्कारे टाकायचा. खाली हार्डवेअरचं दुकान होतं. जिना चुकून वर आलेली माणसं आमच्याकडे बिजागऱ्या मागायची, आणि भाऊ त्यांना खाली पाठवायच्या आधी कुठल्या दाराला हव्यात याची सगळी चौकशी करून घ्यायचे. आम्ही करायचो ती सॉफ्टवेअरं छोट्या दुकानांची. शिंपी, चष्मेवाले, औषधांची दुकानं, दिंडोरीकडची शेती औषधांची दुकानं, एक वधू-वर सूचक मंडळसुद्धा. माझ्या बरोबरीच्या मुली हिंजवडीत आणि हैदराबादेत काचेच्या इमारतींत बसून काय काय करत होत्या, आणि मी काळाराम मंदिराच्या मागच्या गल्लीत एका शिंप्याला "बाही आखूड" आणि "बाही कोपरापर्यंत" यांच्यासाठी वेगवेगळे रकाने हवेत का, यावर तासभर चर्चा करत होते. घरी आई विचारायची, "नक्की कॉम्प्युटरचंच काम करतेस ना ग?"

भाऊ मूळचे सटाण्याचे. नाशकात राहून बोली आमच्यासारखी झालेली, पण फोन उचलला की पहिलं वाक्य अहिराणीतच: "बठ्ठं बराबर शे ना?" सगळं बरोबर आहे ना? ग्राहक तिकडून बोंबलत असायचा, "अहो काय बरोबर, बिल निघत नाहीये!" तर भाऊ शांतपणे विचारायचे, "जेवण झालं का तुमचं?" आम्हाला सुरुवातीला वाटायचं, हा काय प्रकार आहे, समोरच्याचं दुकान अडलंय आणि हे जेवणावर घसरलेत. मग कळलं की जेवणाचं उत्तर देईपर्यंत त्या माणसाचा श्वास जरा खाली बसतो. "घाबरलेल्या माणसाला समोरची स्क्रीन वाचता येत नाही," भाऊ म्हणायचे. "आधी त्याला वाचण्याजोगा करा, मग काय लिहिलंय ते विचारा." निम्म्या वेळा प्रिंटरचं बटणच चालू नसायचं.

डेमो द्यायची त्यांची पद्धत तर मी पुढे कुठेच पाहिली नाही. आता माझ्या कंपनीत डेमो म्हणजे एक जण भराभर माऊस फिरवतो आणि बाकीचे माना डोलावतात. भाऊ दुकानदाराला खुर्चीत बसवायचे, माऊस त्याच्या हातात द्यायचे आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. "माझे हात मागे, तुमचे पुढे. करा सुरू." तो चुकायचा, भलतीकडे दाबायचा, आम्ही कासावीस व्हायचो. भाऊ ढिम्म. बाहेर पडलं की म्हणायचे, "तो जिथे जिथे अडला ना, तिथे तिथे आपण गाढव आहोत. लिहून घे."

आणि त्यांचा तो प्रश्न! "हे कोणी मागितलं?" आमचा योगेश म्हणजे हुशार प्रोग्रामर, नवं काही दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. त्याने एकदा रात्रीचा दिवस करून पहिल्या पानावर रंगीत गोल आलेख बसवले. माऊस नेला की फाका उमलायच्या, आकडे फिरायचे. भाऊंनी मन लावून पाहिलं. "वा! फार छान. हे कोणी मागितलं?"

"भाऊ, आजकाल सगळ्यांकडे असतं."

"सगळ्यांकडे काय काय असतं रे. कोणी मागितलं?"

योगेश दिवसभर तोंड पाडून बसला. पण गंमत पुढेच आहे. भाऊ आठवड्याने वधू-वर मंडळाच्या बाईंकडे काही कामाला गेले, तिथे सहज ते गोल उघडून दाखवले, आणि बाई अक्षरशः टाळ्या पिटायला लागल्या. कारण मुलाच्या अटींची यादी घेऊन येणाऱ्या आईबापांना आता त्या नुसतं ते गोल दाखवू शकणार होत्या, बघा, मुलींची फाक केवढीशी आणि मुलांची केवढी, आता बोला. भाऊ परत आले ते थेट योगेशच्या टेबलापाशी. "मागितलं रे एकीने. चूक माझी," म्हणाले आणि सगळ्यांना कोपऱ्यावरची मिसळ. मालक लोकांना "चूक माझी" हे दोन शब्द घशातून काढताना ठसका लागतो. भाऊंना कधी लागला नाही.

कंपनीच्या शेवटच्या दिवसांत योगेशनेच त्यांना ते एआयवालं, विचारलं की उत्तर देणारं नवीन यंत्र दाखवलं. भाऊंनी मराठीत टाईप केलं, माझं सॉफ्टवेअर कसं आहे? यंत्राने पानभर कौतुक केलं, अत्यंत उपयुक्त, वापरायला सुलभ, वगैरे. भाऊ खो खो हसले. "याने माझं सॉफ्टवेअर पाहिलेलं नाही, तरी याला आवडलं! याला साड्यांच्या दुकानात बसवा रे कोणीतरी." मग म्हणाले, "पण आपल्याहून गोड बोलतो हां. शिकायला पाहिजे."

आता त्या बटणाबद्दल सांगते, कारण भाऊ म्हणजे ते बटण.

आमच्या प्रत्येक सॉफ्टवेअरच्या पहिल्याच पानावर, उजव्या कोपऱ्यात, चांगलं ठसठशीत मोठं एक बटण असायचं. त्याच्यावर लिहिलेलं असायचं, "माझं मला द्या". ते दाबलं की दुकानदाराने आजवर भरलेलं सगळं, ग्राहकांची नावं, मापं, चष्म्यांचे नंबर, जे काही असेल ते, साध्या सरळ रूपात त्याच्या पेन ड्राईव्हवर उतरायचं. कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडता येईल असं. आमचं सॉफ्टवेअर नसलं तरी वाचता येईल असं. आणि काम झालं की स्क्रीनवर यायचं, "घ्या, तुमचं तुम्हाला दिलं." हे वाक्य भाऊंचं. त्यातला स्वल्पविरामसुद्धा कोणाला हलवू द्यायचे नाहीत.

आम्ही चेष्टा करायचो. म्हणजे ग्राहकाला पळून जायचा रस्ता आपणच पहिल्या पानावर रंगवून द्यायचा! व्यवहार शिकलेला कोणीही डोक्याला हात लावेल. भाऊ चेष्टेवर नुसते हसायचे. एकदाच, दिंडोरीहून परतताना रस्त्यात टपरीवर चहा घेत होतो, तेव्हा आपणहून बोलले. त्यांच्या वडिलांचं सटाण्याला कापडाचं दुकान. कॉम्प्युटर नवीन नवीन आले तेव्हा भाऊंनीच हट्ट करून वडिलांना घ्यायला लावला. सॉफ्टवेअर कुठल्याशा कंपनीचं, आणि त्या काळी सॉफ्टवेअरला कुलूप यायचं. कॉम्प्युटरच्या पाठीमागे एक बोटाएवढा तुकडा खोचायचा, तो असला तरच चालणार. वडिलांनी वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक, कोणाच्या घरी कुठलं कापड जातं, लग्नकार्यांच्या याद्या, सगळं त्यात भरलं. एक दिवस तो तुकडा जळाला. भाऊ कंपनीत गेले तर कंपनीच नाही, दाराला टाळं. "आमचे अण्णा त्या मशीनसमोर बसून राहायचे," भाऊ म्हणाले. "रागावलेले पण नाही. सारखं म्हणायचे, मन्हं माले दे. माझं मला दे. मशीनशी बोलायचे असं. आणि मशीन मीच आणलं होतं ना घरी." एवढं बोलून त्यांनी चहा संपवला आणि टपरीवाल्याला विचारलं, आलं कुठून आणता.

त्या दिवसानंतर मी बटणाची चेष्टा केली नाही.

पण बटण असून उपयोग काय, दाबायला तर हवं! लोक दाबायचे नाहीत. मग भाऊंनी एक युक्ती काढली. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते, शिंप्याकडे कात्री आणि मशीन, चष्मेवाल्याकडे भिंगं घासायचं यंत्र, आणि हल्ली कॉम्प्युटरही हळदीकुंकवाला बसतो. त्या दिवशी भाऊ पिशवीभर झेंडू घेऊन आपल्या जुन्या स्कूटरवर दुकानोदुकानी जायचे. कॉम्प्युटरवर फूल ठेवायचे आणि म्हणायचे, "पूजा झाली, आता प्रसाद." बटण स्वतः दाबायचे, पेन ड्राईव्ह भरायचे आणि मालकाच्या हातात देऊन सांगायचे, "हा देवघरात ठेवायचा. देवासारखा जपायचा." डोकं बघा माणसाचं. दुकानातल्या खणात ठेवला तर त्याच्यावर कोणी गाणी भरेल, पोरं शाळेत नेतील. देवघरातून कोण उचलणार? नाशकातल्या कितीतरी देवघरांत बाळकृष्ण आणि अन्नपूर्णेच्या शेजारी आमचे पेन ड्राईव्ह बसलेले होते.

याचाच पुढे घोटाळा झाला, आणि काय झाला!

पंचवटीत सोनवणे मास्तरांचं लेडीज टेलरचं दुकान होतं. म्हणजे आहे. मास्तरांच्या हाताला यश, अर्धी पंचवटी त्यांच्याकडे ब्लाऊज शिवायची, आणि सगळ्यांची मापं आमच्या सॉफ्टवेअरमध्ये. त्या वर्षी ऐन दिवाळीच्या गर्दीत त्यांचा कॉम्प्युटर बसला. पार गेला, हार्ड डिस्कने मानच टाकली. मास्तरांचा फोन आला तेव्हा भाऊ अगदी निवांत होते. "जेवलात का मास्तर? काही काळजी करू नका. देव आहे ना घरात."

आम्ही नवीन कॉम्प्युटर घेऊन गेलो. दुकानाच्या मागेच घर. मास्तरांनी सुनेला हाक मारली, "वैशाली, देवघरातला तो पेन ड्राईव्ह आण ग." वैशाली दिंडोरीकडची, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, पदर सावरत ताम्हनातून तो पेन ड्राईव्ह घेऊन आली. त्याच्यावर कुंकवाची टिकली होती. तोंडाशी अक्षता चिकटलेल्या. भाऊंनी हातात घेतला तर बोटांना चिकट लागलं. त्यांनी वास घेतला.

"पोरी," भाऊ हळूच म्हणाले, "याला काय करतेस तू?"

"रोज आंघोळ घालते," वैशाली म्हणाली. "सगळ्या देवांबरोबर. चतुर्थीला पंचामृत बी घालते."

मला हसू दाबता येईना आणि मास्तरांना राग. "अगं बाई! त्याच्यात अख्ख्या पंचवटीची मापं हायेत! कॉम्प्युटरचं हाय ते, देव नाय!" पोरीचा चेहरा खर्रकन उतरला. "मला काय ठावं? तुम्हीच म्हणले होते ना, देवासारखं जपायचं," एवढंच कसंबसं बोलली आणि डोळ्यांना पदर लावला. भाऊंनी मास्तरांना हातानेच थांबवलं. "मास्तर, तिला एक शब्द बोलायचं काम नाही. मी म्हणालो होतो देवासारखा. देव म्हटला की आंघोळ आलीच. तिने जे सांगितलं ते नेमाने केलं, कमी पडलो तो मी. चूक माझी."

पेन ड्राईव्ह काही जगला नाही. पुसला, वाळवला, तांदळात ठेवला, मध आणि दह्याने त्याचं जे व्हायचं ते झालं होतं. मग भाऊंनी काय करावं? कंपनी आमच्यावर सोपवून हे गृहस्थ दुकानात जाऊन बसले. मास्तरांच्या गिऱ्हाइकांना निरोप गेले, मापाचा एक ब्लाऊज घेऊन या. बायका पिशव्या घेऊन लोटल्या. वैशाली टेप लावून आकडा सांगायची आणि भाऊ दोन बोटांनी टकटक करत भरायचे. दुपारनंतर भाऊंची बोटं दुखायला लागली तेव्हा त्यांनी खुर्ची सोडली, तिला बसवलं, आणि हात पाठीमागे बांधले. "माझे हात मागे, तुझे पुढे." ती घाबरली. मग लागली भरायला. आणि ऐका, बायकांची मापं इतक्या वर्षांत बदललेली, ते कोणी कबूल करत नव्हतं. नव्या मापांनी शिवलेले ब्लाऊज असे काही बसले की मास्तरसुद्धा शेवटी पुटपुटले, "जुनी मापं गेली ते एका परीनं बरंच झालं म्हणायचं."

तेव्हापासून पेन ड्राईव्ह डबीत जायला लागला. भांडीबाजारातून भाऊ घट्ट झाकणाच्या पितळी डब्या आणायचे. दर खंडेनवमीला नवीन सूचना द्यायचे, देवाला आंघोळ, डबीला नाही. आणि मास्तरांच्या दुकानात कॉम्प्युटर वैशालीकडे गेला तो गेलाच.

मग ते दिवस आले. आमचं सॉफ्टवेअर म्हातारं झालं होतं, हे भाऊ आमच्याआधी बोलून दाखवायचे. नव्या कॉम्प्युटरांवर ते कुरकुरत चालायचं, सरकारी नियम बदलले की आम्ही ठिगळं लावायचो, नवीन शिकलेली मुलं आमच्याकडे टिकत नव्हती. भाऊंचे गुडघे गेले होते, जिना चढताना मधे थांबायला लागायचं. घरी वहिनी म्हणायच्या, पुरे आता. तेवढ्यात पुण्याच्या एका मोठ्या कंपनीने विचारलं. ते कंपनी विकत घेणार, आम्हा सगळ्यांना नोकऱ्या देणार, सगळे ग्राहक हळूहळू त्यांच्या इंटरनेटवरच्या नव्या सॉफ्टवेअरवर नेणार. आमच्यापैकी प्रत्येकाला हे व्हायला हवं होतं, उगाच खोटं कशाला बोलू. योगेशचं बाळ लहान होतं, माझ्या वडिलांचं दुखणं चालू होतं.

सगळं ठरलं आणि बटणापाशी अडलं.

त्यांच्या बाजूने सौरभ म्हणून मुलगा यायचा. वाईट नव्हता हां, आधीच सांगते. भाऊंना वाकून नमस्कार करायचा, मिसळ खाऊन घाम पुसायचा. भाऊंनी एकच अट घातली: तुमच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये हे बटण पाहिजे. माझ्या लोकांना मी सांगितलंय, तुमचं ते तुमचंच. सौरभ म्हणाला, वर बोलतो. वरून नाही आलं. ग्राहक टिकवायचा तर बाहेरचं दार पहिल्या पानावर कोण ठेवतं?

"अरे, घराला मागचं दार आहे म्हणून कोणी घर सोडून जातं का?" भाऊ म्हणाले. "उलट दार आहे म्हणून निवांत झोपतात."

सौरभ जरा अवघडला. मग त्याने लॅपटॉप भाऊंकडे वळवला. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठलं बटण कधी दाबलं याची नोंद राहायची, ती त्याने आमच्याकडूनच घेऊन तपासली होती. "भाऊ, राग मानू नका. पण हे बटण वर्षभर कोणीच दाबत नाही. एकसुद्धा दुकानदार नाही. दाबलं जातं ते फक्त खंडेनवमीला. आणि ते तुम्ही दाबता."

पंखा सुस्कारे टाकत होता. भाऊंनी स्क्रीन पाहिली, चष्मा लावून पुन्हा पाहिली. मला इतकं वाईट वाटलं, वाटलं त्या सौरभचा लॅपटॉप खिडकीतून खाली हार्डवेअरवाल्याच्या डोक्यात घालावा. भाऊ हसले, पण ते हसू नेहमीचं नव्हतं. "म्हणजे ते मलाच हवं होतं की काय इतकी वर्षं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना बसवून सरळ विचारलं, काय करू? योगेश पायाकडे बघत म्हणाला, "भाऊ, विका." मीही तेच म्हणाले. नाही विकलं तर वर्षा-दोन वर्षांत आम्हीही पांगणार आणि दुकानदारही उघड्यावर पडणार, हे त्यांनाही दिसत होतं. त्यांनी मान डोलावली. "ठीक आहे. सही दसऱ्यानंतर करतो."

त्या खंडेनवमीला आम्ही सगळे त्यांच्याबरोबर फिरलो. स्कूटर भाऊंना झेपत नव्हती म्हणून योगेशची गाडी, डिकीत झेंडू आणि पितळी डब्या. प्रत्येक दुकानात फूल, बटण, डबी. आणि भाऊंचं तेच तेच बोलणं, "यात तुमचं सगळं आहे. पुढे कोणाचंही सॉफ्टवेअर घ्या, हे कुठेही उघडेल." लोकांना ती दिवाळीची भेट वाटली. चष्मेवाल्याने झाकण उघडून विचारलं, "भाऊ, यंदा मिठाई नाही?" वधू-वरवाल्या बाईंनी आमच्यासमोर पेन ड्राईव्ह बाहेर काढला आणि डबीत लवंगा भरल्या. परत येताना माझा संताप झाला. "भाऊ, एकालाही कळलं नाही तुम्ही काय दिलं ते!"

"न का कळेना," भाऊ म्हणाले. "कळायची वेळ येऊ नये एवढंच."

कंपनी गेली. आम्ही पुण्याच्या कंपनीचे झालो. नवीन सॉफ्टवेअर चांगलं आहे, मी त्याच्यावरच काम करते. मोबाईलवर चालतं, ब्लाऊज तयार झाला की बाईला आपोआप निरोप जातो. बटण नाही. मी मीटिंगमध्ये विषय काढला, "नोटेड" म्हणाले. पुन्हा काढला, पुन्हा "नोटेड". भाऊ आता सटाण्याला असतात, अण्णांच्या दुकानावरच्या खोलीत. फोन केला की बठ्ठं बराबर शे ना, आणि जेवलीस का.

गेल्या खंडेनवमीला मी नाशकात होते. भाऊ गुडघा दाखवायला आलेले. "चल, मास्तरांकडे फूल ठेवून येऊ," म्हणाले. काठी टेकत आम्ही गल्लीत शिरलो. मास्तर आता मागे बसून काज करतात, दुकान वैशाली बघते. गल्ल्यापाशी लॅपटॉप, त्याच्यावर आमचं नवीन सॉफ्टवेअर. भाऊंनी कळफलक सोडून कडेला झेंडू ठेवला. जरा वेळ बघत राहिले. मग विचारलं, जसं काही सहज, "यातलं बाहेर काढता येतं का ग?"

"नाय," वैशाली म्हणाली. "ह्याच्यातून नाय निघत काही." माझ्याकडे बघून म्हणाली नाही, पण मला लागलं.

मग तिने माप घ्यायच्या खोलीचा पडदा सारला. आत एका स्टुलावर, फुलाफुलांच्या कापडाखाली, जुना कॉम्प्युटर. तिने कापड काढलं, चालू केला. भाऊंनी आपल्या सॉफ्टवेअरला कधी कुलूप घातलंच नव्हतं, ते पटकन उघडलं. उजव्या कोपऱ्यात ते बटण.

"दोन्हीकडे भरते मी," वैशाली म्हणाली. "आधी ह्याच्यात, मग त्याच्यात. लय कटकट हाय. मास्तर बोंबलतात, एकच काम दोनदा कशाला करते म्हणून. पण ह्याच्यात तुमचं बटण हाय ना, भाऊ."

ती घरात गेली आणि देवघरातून डबी घेऊन आली. पेन ड्राईव्ह खोचला. भाऊ सवयीने काठी भिंतीला टेकवून पुढे झाले, हात माऊसकडे गेला.

"तुम्ही बसा," ती म्हणाली. "मी दाबते. ते नवीन आल्यापासून दर शनिवारी दाबते मी, दुकान बंद करताना."

भाऊ गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले. ती बटण दाबत होती तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे दोन्ही हात पाठीमागे गेले होते. स्क्रीनवर आलं, "घ्या, तुमचं तुम्हाला दिलं." भाऊंच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. माझंही काही वेगळं नव्हतं.

वैशालीने पेन ड्राईव्ह काढला, डबीत ठेवला, झाकण दाबून लावलं.

"आंघोळ-बिंघोळ घालत नाहीस ना ग?" भाऊंनी विचारलं.

"वरून कोरडं फडकं फिरवते," ती म्हणाली. "आता मला ठावं हाय, भाऊ, आत काय हाय ते."